प्लास्टिकच्या कॅमेऱ्यातून फोटो असा का येतो?

नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळी फोन वर धरून उभ्या असलेल्या गर्दीत हल्ली एखादी तरी पोरगी अशी दिसते, जिच्या गळ्यात काळ्या प्लास्टिकचा कॅमेरा लटकतोय. मागे स्क्रीन नाही, चार्जिंगची भानगड नाही, खटका दाबला की नुसतं ‘टक्’. लग्नाच्या रिसेप्शनला टेबलाटेबलावर रोलचे छोटे कॅमेरे ठेवायची टूमही निघाली आहे. रोल धुऊन आला की फोटोंचे कोपरे काळे, कडा धूसर, मधूनच एक केशरी पट्टा, आणि एखाद्या फोटोत तलावाच्या पाण्यातच संत्र्यांचा ढीग लागलेला. घरातली मोठी माणसं यावर जे विचारतात ते रास्तच आहे: असे फोटो यायचे म्हणून आम्ही आमचा जुना क्लिक थ्री कॅमेरा भंगारवाल्याला दिला, आणि तुम्ही त्यासाठी पैसे मोजता?

पैसे मोजावेत की नाही ते पुढे बघू. आधी असे फोटो कशामुळे येतात ते समजून घेऊ. ‘काय येईल सांगता येत नाही, तीच तर मजा’ असं या कॅमेऱ्यांचे भक्त सांगतात, ते अर्धंच खरं आहे. यातला जवळजवळ प्रत्येक परिणाम कॅमेऱ्याच्या कुठल्या ना कुठल्या भागातून निघतो. तो भाग कुठला हे कळलं, की परिणाम हवा तेव्हा आणता येतो आणि नको तेव्हा टाळता येतो.

## खेळण्यातला, पण खरा

टॉय कॅमेरा म्हणजे प्लास्टिकची बॉडी, एकाच भिंगाची लेन्स (बहुतेक वेळा तीही प्लास्टिकची), जवळपास एकच ठरलेला शटरचा वेग, आणि आत मात्र खराखुरा फिल्मचा रोल. या घराण्यातली थोरली म्हणजे ‘डायना’. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगच्या कौलून भागातल्या एका प्लास्टिक कारखान्यात ती बनू लागली. किंमत डॉलरच्या आसपास, त्यामुळे जत्रेत बक्षीस म्हणून फुकटही वाटली जायची. पुढे अमेरिकेतल्या काही कलाशाळांत शिक्षक मुद्दाम विद्यार्थ्यांच्या हातात डायना देऊ लागले.

दुसरी ‘होल्गा’. ली टिंग-मो यांनी ती हाँगकाँगमध्ये तयार केली आणि १९८२ मध्ये बाजारात आणली. चीनमधल्या सामान्य कुटुंबांना परवडेल असा कॅमेरा द्यायचा, हा हेतू. पण थोड्याच काळात तिथे ३५ मिलिमीटरचे कॅमेरे आले, घरगुती गिऱ्हाईक तिकडे वळलं, आणि होल्गा परदेशातल्या हौशी लोकांकडे गेली. २०१५ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, २०१७ मध्ये पुन्हा सुरू झालं. आपल्याकडे घरोघरी असलेला, भारतातच बनणारा आग्फाचा क्लिक थ्री या मंडळींचा जवळचा नातेवाईक: साधी लेन्स, तोच १२० नंबरचा रोल, तेच १२ चौकोनी फोटो.

१२० चा रोल म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटर रुंद फिल्म, मागे काळा कागद लावून रिळावर गुंडाळलेली. आपल्या ओळखीचा, डबीतून शेपूट बाहेर काढणारा रोल ३५ मिलिमीटरचा. कोडॅकच्या केबी १० कॅमेऱ्यात घालायचो तो. पुढे उदाहरणं मुख्यतः होल्गाची देतो, कारण तिच्यात सगळेच दोष एका जागी नांदतात.

## मधे स्पष्ट, कडेला विरघळलेलं

घरात वाचायचं भिंग असेल तर दुपारी खोलीतले दिवे बंद करा आणि खिडकीसमोरच्या भिंतीजवळ ते धरून पुढेमागे करा. भिंतीवर खिडकीचं उलटं, रंगीत चित्र उमटेल. मधला गज कडक दिसायला लागला की कडेचे गज विरघळलेले असतात. भिंग किंचित हलवून कडेचे गज नीट केले, की मधला हातचा जातो. दोन्ही एकदम जुळत नाहीत. जरा निरखलंत तर गजांच्या कडेला निळी-तांबडी झालरही दिसेल.

होल्गाच्या लेन्समध्ये नेमकं हेच घडतं. एकट्या भिंगातून तयार होणारं स्पष्ट चित्र सपाट नसतं, वक्र असतं. फिल्म मात्र सपाट ताणलेली. मधे गाठ पडते, कडेला चुकते. शिवाय निळा आणि लाल प्रकाश एकट्या भिंगातून एकाच अंतरावर एकवटत नाहीत, त्यातून ती रंगीत झालर. महागड्या लेन्समध्ये पाच-सात काचा एकामागे एक बसवलेल्या असतात, त्या मुख्यतः ही भांडणं मिटवायलाच. एकदा वापरून टाकायच्या कॅमेऱ्यांत तर उलटा, स्वस्त आणि हुशार उपाय असतो: लेन्स तशीच ठेवून मागे फिल्मच किंचित वाकवून धरतात.

हे कळलं की चौकट कशी धरायची ते आपोआप ठरतं. दीक्षाभूमीचा स्तूप मधोमध घेतला, तर घुमट नीट आणि दोन्हीकडची झाडं वितळलेली, असा फोटो येईल. चार मित्र ओळीने उभे केले तर टोकाचे दोघे नाराज होतील. होल्गाच्या लेन्सवर अंतरासाठी चार चित्रं असतात: एक माणूस, तिघांचं कुटुंब, माणसांचा घोळका आणि डोंगर. अंदाजे १ मीटर, २ मीटर, ६ मीटर आणि त्यापुढचं सगळं. बाजूच्या खिडकीतून बघताना फोकस चुकलाय हे कळायला काहीच मार्ग नाही, म्हणून खटका दाबण्याआधी एकदा त्या चित्रांकडे नजर टाकायची सवय लावून घ्यावी.

## कोपरे काळे का?

लेन्समधून तिरपा जाणारा प्रकाश कोपऱ्यात पोचेपर्यंत क्षीण होतो. होल्गाची लेन्स ६० मिलिमीटरची आणि चौकट साधारण ५६ मिलिमीटर लांबी-रुंदीची. भूमितीचा हिशेब मांडला, तर निव्वळ तिरपेपणामुळेच कोपऱ्यात मधल्याच्या जेमतेम निम्मा प्रकाश पोचतो. त्यात लेन्सच्या प्लास्टिक नळीची कडा मधे येते, ती आणखी थोडा कापते.

हा अंधार नको असेल तर आत फिल्मपुढे, १२ चौकोनी फोटोंच्या चौकटीऐवजी १६ फोटोंची आयताकृती चौकट बसवा. चारही कोपरे बाहेरच राहतात. हवा असेल तर आकाशासारखी मोकळी, उजळ पार्श्वभूमी घ्या. इतवारीच्या गल्लीत भिंती मुळातच काळवंडलेल्या, तिथे काळे कोपरे कुणाला दिसणारही नाहीत.

## “याले लाईट लागली, भाऊ”

रोल धुवायला टाकला की कधी कधी लॅबवाला निगेटिव्ह खिडकीकडे धरून असं म्हणतो आणि आपला चेहरा पडतो. टॉय कॅमेऱ्यावाला मात्र ‘कुठे, बघू’ म्हणून पुढे सरसावतो. फोटोत आलेला केशरी पट्टा, पांढरा लोळ किंवा कडेची जळल्यासारखी रेघ म्हणजे लेन्स सोडून भलत्याच वाटेने आत शिरलेला प्रकाश.

होल्गाचं मागचं झाकण बिजागरीवर उघडत नाही, अख्खं निघून हातात येतं. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या क्लिपा खाली सरकवल्या की त्या ते धरून ठेवतात. या क्लिपा इतक्या सैल, की गळ्यातल्या पट्ट्याला झटका बसला तर सुटतात, आणि भर सीताबर्डीत झाकण एकीकडे नि रोल दुसरीकडे. झाकणाच्या कडेची खाच उथळ असल्याने ऊन तिथूनही डोकावतं. म्हणूनच जुन्या होल्गांवर सगळीकडे काळी चिकटपट्टी दिसते. ती शोभेला नसते.

दुसरी वाट रोलमधूनच जाते. या कॅमेऱ्यात रोल फिरताना पुरेसा ताण मिळत नाही, त्यामुळे भरलेला रोल रिळावर सैल गुंडाळला जातो आणि काळ्या कागदाच्या कडेतून प्रकाश आत झिरपतो. उपाय फुकटचा आहे: फिल्मच्याच खोक्याचा पुठ्ठा घडी करून रिळाखाली दाबून ठेवायचा, म्हणजे रीळ जरा अडखळत फिरतं आणि रोल घट्ट बसतो.

तिसरी वाट मागची लाल खिडकी, जिच्यातून कागदावर छापलेले नंबर वाचत रोल पुढे सरकवायचा. ती लाल का? ही पद्धत रुळली तेव्हाच्या कृष्णधवल फिल्मला लाल रंग ‘दिसतच’ नसे, त्यामुळे लाल प्रकाश आत गेला तरी बिघडत नव्हतं. आजच्या फिल्मला सगळे रंग दिसतात. खिडकी लालच राहिली, पण तिच्या लाल रंगाने मिळणारं संरक्षण गेलं. भर उन्हात ती उघडी राहिली तर कागदावरचा नंबर किंवा ठिपका फोटोच्या मधोमध उमटू शकतो.

आणि पट्टा बहुतेक वेळा तांबडा-केशरीच का? रंगीत फिल्ममध्ये एकावर एक थर असतात: वर निळ्या प्रकाशाचा, मधे हिरव्याचा, तळाला लाल. लेन्समधून आलेला प्रकाश वरून शिरतो. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात मागच्या दारातून चोरून आलेला प्रकाश फिल्मच्या पाठीकडून येतो, म्हणजे त्याला सगळ्यांत आधी लाल थर भेटतो. तोच आधी जळतो. हीच युक्ती मुद्दाम करणारे लोक अंधारात फिल्म उलटी करून भरतात आणि अख्खा रोल लालभडक काढतात. मला तो प्रकार दोन-चार फोटोंनंतर कंटाळवाणा वाटतो, पण ज्याची त्याची आवड.

ही गळती हवी असेल तर एका बाजूची पट्टी सोडून ठेवा आणि कॅमेरा काही क्षण त्या बाजूने उन्हाकडे धरा. नको असेल तर पट्टीत कंजुषी नको.

## एका चौकटीत दोन फोटो

बहुतेक ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांत रोल पुढे सरकवल्याशिवाय खटका दुसऱ्यांदा दाबलाच जात नाही. केबी १० चंही तेच. होल्गाच्या खटक्याला मात्र रोलशी काही देणंघेणं नाही. एकाच जागी दहादा दाबा, ती दहादा ‘टक्’ करेल, आणि दहाही फोटो एकमेकांवर बसतील. विसराळू माणसासाठी हा शाप आहे. पण टॉय कॅमेऱ्याची मुद्दाम वापरायची सगळ्यांत मोठी सोय हीच.

दोन फोटो एकमेकांत कसे मिसळतात ते समजायला फिल्मवर ओळीने रिकामे माठ मांडलेत असं धरा. प्रकाश म्हणजे त्यांत पडणारं पाणी. पहिल्या फोटोत आकाशाच्या जागचे माठ काठोकाठ भरले. काळ्या सावलीच्या जागचे कोरडेच राहिले. दुसऱ्या फोटोचं पाणी आकाशाच्या माठांत पडून नुसतं वाहून जाईल. साठेल ते कोरड्या माठांतच. म्हणजे दुसरा फोटो दिसतो तो पहिल्याच्या अंधारात.

आता हे वापरा. फुटाळ्याच्या काठावर मावळत्या आभाळापुढे मैत्रिणीला बाजूने उभी करा, चेहरा पूर्ण काळा येईल असा. रोल तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी संत्रा मार्केटमध्ये ढिगाच्या जवळ जाऊन तीच चौकट पुन्हा दाबा. रोल धुऊन आला की आभाळ आभाळासारखं, आणि चेहऱ्याच्या आकारात संत्री. चेहरा अंदाजे कुठे होता ते वहीत रेघोट्या मारून ठेवलेलं बरं. आधी संत्री आणि मग आभाळ घेतलंत तरी हिशेब तोच, पण चेहरा संत्र्यांवर बरोबर बसवणं जरा अवघड जातं. दोन्ही फोटो भर उजेडातले असतील तर मात्र नुसता गढूळ पांढरट गोळा येतो, आणि नवशिक्यांचे बहुतेक दुहेरी फोटो असेच जातात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा हा हिशेब मजा आणतो. काळ्या मारबतीचा भव्य काळा पुतळा म्हणजे कोरडे माठच; त्यावर गर्दीचे वर केलेले हात छान बसतात. पिवळीवर तेवढे बसणार नाहीत.

याच मोकळेपणाचा दुसरा उपयोग म्हणजे सलग पट्टी. रोल नंबरापर्यंत पूर्ण न फिरवता मधेच थांबवला, तर शेजारचे फोटो एकमेकांवर थोडे चढतात. आत १२ ची चौकोनी चौकट ठेवून मागच्या खिडकीचा बाण १६ वर सरकवला आणि ते नंबर बघत गेलात, तर प्रत्येक फोटो पुढच्यावर साधारण सेंटिमीटरभर चढतो. झीरो माइलपाशी उभं राहून थोडं थोडं वळत गेलात, की दगडी खांब, घोडे, रस्ता, पलीकडची झाडं अशी लांबलचक पट्टी तयार होते, सांधे उघडे टाकलेली.

## नागपूरच्या उन्हाचा हिशेब

होल्गाचा शटर साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका उघडतो. स्प्रिंग प्रत्येक नगात थोडी वेगळी, त्यामुळे दोन कॅमेरे सारखे नसतात. लेन्सवर सूर्य आणि ढग असा एक खटका आहे. बऱ्याच जुन्या होल्गांमध्ये तो सरकवून काहीच फरक पडत नाही, भोक तेवढंच राहतं. म्हणजे प्रकाश कमी-जास्त करायला तुमच्या हातात उरते फक्त फिल्मची निवड.

फिल्मच्या खोक्यावर १००, २००, ४०० असे आकडे असतात. आकडा मोठा तितकी ती कमी प्रकाशात भागवते. भर उन्हात १०० च्या फिल्मला जेवढा प्रकाश पुरतो, त्याच्या साधारण दुप्पट हा कॅमेरा आत सोडतो. ४०० च्या फिल्मला तोच प्रकाश आठपट होतो. रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश बराच सोसते, म्हणून ४०० चालून जाते. स्लाइड फिल्म (जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांचं चित्र येतं ती) असलं काही सोसत नाही. ‘टॉय कॅमेऱ्यात नेहमी ४०० घाला’ हा सल्ला ढगाळ देशांतून आलेला आहे. आपल्याकडे मार्च ते मे १०० पुरे. पावसाळ्यात, दाट सावलीत, थंडीतल्या संध्याकाळी ४००. घरात फ्लॅशशिवाय काही येणार नाही.

तळाशी आणखी एक खटका असतो, एन आणि बी असा. बी वर असताना बोट दाबलेलं असेपर्यंत शटर उघडाच राहतो. रात्री तिपाईवर ठेवून रस्त्यावरच्या दिव्यांच्या रेघा काढायला तो उत्तम. पिशवीत घासून आपोआप सरकला तर दिवसाचे सगळे फोटो हललेले.

उन्हाचा दुसरा त्रास दिशेचा. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरला दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावलीही त्याच्या पायाखाली जाते. तेव्हा काढलेल्या चेहऱ्यांचे डोळे म्हणजे दोन काळे खड्डे. रोल बदलताना ‘स्वतःच्या सावलीत बदला’ असं सांगतात, तो सल्लाही त्या दिवशी बाद. सरळ एखाद्या पानटपरीच्या छताखाली जा. पारा ४५ च्या पुढे असताना कॅमेरा गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. प्लास्टिक वाकतं, झाकण आणखी ढिलं होतं, आणि फिल्मचे रंग उतरतात. न वापरलेले रोल बंद डबीत फ्रिजमध्ये, आणि वापरण्याआधी काही तास बाहेर काढून तसेच बंद, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं.

## “हे सगळं फोनमध्ये होतंच की!”

होतं. काळे कोपरे, केशरी पट्टे, दुहेरी फोटो, सगळं फोनमध्ये होतं, आणि नीट केलं तर ओळखूही येत नाही. गंमत म्हणजे फोनमधल्या फिल्टरांचं मूळही इथेच आहे. इन्स्टाग्रामचे एक संस्थापक केविन सिस्ट्रॉम फ्लोरेन्सला शिकत असताना शिक्षकाने त्यांचा चांगला कॅमेरा काढून घेऊन हातात होल्गा दिली होती. २०१० मध्ये आलेल्या इन्स्टाग्रामचा चौकोन आणि रंग तिथून आले. २०१५ पर्यंत तर तिथे चौकोनी फोटोच टाकता येत.

फरक आहे तो क्रमाचा. फोनवर आधी फोटो, मग ‘याला काय शोभेल’ हा विचार. इथे विचार आधी, आणि चुकला तर चुकला. कोपरे काळे येणार, मधलंच नीट येणार, १२ च संधी आहेत, हे माहीत असताना माणूस वेगळ्या गोष्टींकडे बघतो. ज्याला हा जाच वाटतो त्याने खुशाल फोन वापरावा, काही कमीपणा नाही.

## बिघडलेल्या फोटोला कला म्हणायचं का?

सरसकट नाही. काळे कोपरे आले म्हणून कंटाळवाणा फोटो चांगला होत नाही, आणि टॉय कॅमेऱ्यातले बहुतेक फोटो कंटाळवाणेच असतात, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावं. पण २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय प्रचारात डेव्हिड बर्नेट या मुरलेल्या वृत्तछायाचित्रकाराने अल गोर यांच्या सभेचा फोटो होल्गाने काढला, आणि त्याला बक्षीसही मिळालं. त्यांच्याकडे चांगल्या कॅमेऱ्यांची वानवा नव्हती. गर्दीतून एका माणसाकडे नजर खेचायची होती, आणि कडा धूसर करणारी लेन्स ते काम आयतं करत होती. दोष विषयाच्या कामी आला तर तो राहू द्यावा, एवढीच माझी कसोटी.

## खर्च आणि लॅब

कॅमेरा स्वस्त, रोल नाही. १२० च्या नव्या रंगीत रोलची किंमत, धुलाई आणि स्कॅनिंग धरलं तर १२ फोटोंना हजार रुपये सहज ओलांडतात. नुसतं करून बघायचं असेल तर ३५ मिलिमीटरचा प्लास्टिक कॅमेरा बरा, ३६ फोटो मिळतात. अर्ध्या चौकटीच्या कॅमेऱ्यात, उदाहरणार्थ कोडॅकच्या नावाने मिळणाऱ्या एक्टार एच ३५ मध्ये, त्याच रोलवर ७२. घरात जुना केबी १० पडला असेल तर कॅमेऱ्याचा खर्चही नाही. फक्त त्यातली पूर्वीची बॅटरी फुटून गळली नाही ना, ते बघून घ्या.

लॅब निवडताना पहिला प्रश्न: १२० धुता का? सगळीकडे धूत नाहीत, काही जण बाहेरगावी पाठवतात. दुसरं म्हणजे पाकिटावर ठळक लिहा, ‘निगेटिव्ह कापू नये’. एकमेकांवर चढलेल्या फोटोंची पट्टी लॅबवाला सवयीने प्रत्येक चौकटीपाशी कापतो, आणि झीरो माइलचे घोडे मधोमध दुभंगतात. तिसरं, स्कॅन करताना रंग आणि उजेड ‘सुधारू नका’ हे तोंडी सांगा. तिथलं यंत्र काळे कोपरे उजळतं, केशरी पट्टा फिका करतं, आणि दुहेरी फोटो खराब समजून सोडूनच देतं. ‘सगळे स्कॅन करा, गेलेलेसुद्धा’ असं म्हटलं की काउंटरवरचा माणूस एकदा तुमच्याकडे बघेल, पण करून देईल.